चिठ्ठीचा जोंधळा

अमीरबीनंच चिमणाबाईला गणपतराव वकिलांच्या घरी नेलं होतं. ती बरोबर नसती तर चिमणाबाई त्या दारात उभी राहिलीच नसती.

दोघी मंगळवार पेठेतल्या एकाच बोळात समोरासमोर राहायच्या. अमीरबीचा नवरा इलाही हातमागावर लुगडी विणायचा. त्यांची एकुलती एक लेक खतिजा कुरुंदवाडला दिलेली होती. चिमणाबाईचा नवरा गुंडू गुळाच्या पेठेत हमाली करायचा. त्या साली पावसानं दगा दिला. तिकडं साहेबाची लढाई चालू होती, त्यामुळं सूत महाग, कापड महाग, घासलेट तर बघायला मिळेना. इलाहीचा माग रडतखडत चालला होता आणि गुंडूला चार-चार दिवस उचलायला ढेप मिळत नव्हती.

श्रावणात पेठेतल्या काही व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी मिळून गरिबांसाठी एक मदत मंडळी काढली. गणपतराव वकील तिचे प्रमुख. माणूस सरळ, कुणाच्या पैला हात न लावणारा. दर सोमवारी त्यांच्या ओसरीवर घराघरातला कर्ता पुरुष यायचा आणि आठवड्याची रोकड घेऊन जायचा. इलाही ती आणून अमीरबीच्या हातात ठेवायचा. ती जोंधळा आणायची, आणि त्यातनंच ओढून-ताणून थोडं मागं टाकून इलाहीला सूत घ्यायला द्यायची. लुगडं विकलं की पुन्हा सूत. माग हलत राहिला होता तो एवढ्यावरच.

गुंडूच्या घराची तऱ्हा निराळी होती. वकिलांच्या ओसरीवरून घरी यायच्या वाटेवर गुत्ता होता. चिमणाबाईच्या हातात कधी चिल्लर यायची, कधी तीही नाही. भादव्यात तिचं धाकटं पोरगं गेलं. ताप आला होता खरा, पण पोटात काही असतं तर तापानं नेलं नसतं, हे बोळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. गुंडू त्या दिवशी पोराला मांडीवर घेऊन ढसाढसा रडला. पुढच्या सोमवारी रोकड घेऊन तो पुन्हा गुत्त्यात जाऊन बसला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अमीरबीनं चिमणाबाईचा हात धरला आणि तिला वकिलांच्या घरी नेलं.

"तूच सांग भाबी," पायरीशी थांबून चिमणाबाई म्हणाली. "मला न्हाय जमायचं."

"पोरगं तुझं गेलंय, तूच बोल. म्या हाय की संगं."

गणपतराव बाहेर आले. चिमणाबाईनं पदर तोंडाशी धरला, आणि एकदा बोलायला लागल्यावर मात्र ती थांबली नाही. "रोकड देऊ नगासा, वकीलसाहेब. माझ्या दारात यायच्या आदीच ती गुत्त्यात जाती. जोंधळा द्या, न्हाईतर जोंधळ्याची चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर कोन दारू देत न्हाय. दोन पोरी ऱ्हायल्यात मला. त्या तरी जगू देत."

गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकट्या तुझ्या घरापुरता नियम करता यायचा नाही, बाई. उद्या दुसरा म्हणेल, मलाच का? करायचा तर सगळ्यांना एकच करावा लागेल." त्यांनी अमीरबीकडं पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"हिचं खरं हाय साहेब," अमीरबी म्हणाली. "चिठ्ठीच द्या."

घरी येऊन तिनं इलाहीला हे सांगितलं, तेव्हा तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्यानं धोटा बाजूला ठेवला.

"आन् सुताचं काय?"

"सुताचं मागनं बघू. डोळ्यांदेखत पोरं मरत्यात."

इलाहीनं धोटा पुन्हा हातात घेतला. तो फार बोलणारा माणूस नव्हताच.

नवरात्रापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. मंडळीचा शिक्का मारलेली, बिननावाची चिठ्ठी घेऊन कृष्णात शेटच्या दुकानी जायचं. जोंधळा, थोडी डाळ, मीठ मिळायचं. दुसरं काही नाही, आणि दुसऱ्या दुकानीही नाही. मिळालेलं धान्य विकायचं नाही. विकलं तर नाव कायमचं काढणार, असं ओसरीवर सगळ्यांना ऐकवण्यात आलं.

गुंडूनं पहिल्या आठवड्यात बोळ डोक्यावर घेतला. चिमणाबाईच्या दोन थोबाडीतही मारल्या. गुत्तेवाल्यानं त्याची चिठ्ठी उलटीसुलटी करून परत दिली होती. पण हळूहळू तो नरमला. संध्याकाळी घरी यायला लागला, पोरींच्या शेजारी बसून जेवायला लागला. चिमणाबाईच्या चुलीवर रोज भाकरीचा वास येऊ लागला. पहिल्या दिवशीची पहिली भाकरी तिनं परातीतनं झाकून अमीरबीकडं आणली होती.

"तुमच्यामुळं गं भाबी," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

अमीरबीला त्या दिवशी बरं वाटलं. माग बंद पडणार हे दिसत होतं, तरीही. सूत संपलं तेव्हा इलाहीनं माग पुसून काढला, वर फाटकं धडपं टाकलं. सवय म्हणून तो सकाळी खड्ड्यात उतरून बसायचा, दुपारी वर यायचा. पोटाला मिळत होतं. हातात मात्र एक पै नसायची. सुई मोडली तर शेजारी मागायची, अशी वेळ आली. तांबं-पितळ तर उन्हाळ्यातच मोडीत गेलं होतं.

दसरा झाला आणि मानमोडीचा ताप आला. सकाळी माणूस बोलत असायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याला उचलायला चार खांदे मिळायचे नाहीत. पंचगंगेच्या काठावर चिता विझत नव्हत्या, कब्रस्तानात खणणारे दमून गेले होते. इलाहीला ताप आला, पण तो त्यातनं उठला. मागं खोकला आणि हातापायांची काडी तेवढी राहिली. पाठोपाठ अमीरबीनंही ताप काढला. भिंत धरून चालण्याइतकी ती बरी झाली, तोच एके सकाळी बोळाच्या तोंडाशी एक गाडी उभी राहिली.

गाडीवान जोतीराम कुरुंदवाडचा होता. भुईमुगाची काही पोती कोल्हापुरात उतरवून तो पुढं गडहिंग्लजच्या बाजाराला निघाला होता. त्यानं बोळात विचारत विचारत अमीरबीचं दार शोधलं. दारात येऊन तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"खतिजाची आई तुमीच न्हवं?"

"व्हय. काय झालं?"

"जावई गेलं तुमचं. लालासाब. मंगळवारी." तो थांबला. "आन् पोरगीला बी ताप हाय. पदरात ती लहानगी नजीरा. घरात दुसरं कोन न्हाय. शेजारची धोंडुबाई पानी देती. खतिजा म्हनली, कोल्लापुरास्नं जानार हाईस तर माझ्या आईला सांग, ताबडतोब ये म्हनावं. मी गडहिंग्लजला निघालोय बघा, न्हाईतर गाडीतनंच न्हेलं असतं."

अमीरबी खाली बसली. मग उठली आणि पायात वहाणा घालायला लागली.

"चालत जातीस?" आतनं इलाही म्हणाला. "दोन दिसांची वाट हाय. बोळाच्या टोकापतोर तरी जाशील का?"

ते खरं होतं. आगगाडीनं शिरोळ रोडपर्यंत गेलं तर पुढची वाट रेटता आली असती. पण आगगाडीला तिकीट लागतं, आणि नदीवर नावाड्यालाही द्यावं लागतं. घरात त्या आठवड्याची चिठ्ठी होती. अजून धान्य उचललेलं नव्हतं.

ती चिठ्ठी घेऊन कृष्णात शेटच्या दुकानी गेली. "शेट, याचा जोंधळा नगं मला. निम्मं पैसं द्या. निम्म्याच्या निम्मं द्या. लेक मरायला टेकलीया."

कृष्णात शेटनं चिठ्ठी हातातही घेतली नाही. "न्हाय जमायचं बाई. चिठ्ठीवर पैसं दिलं असं कळलं तर मंडळी उद्या दुसऱ्याचं दुकान धरंल. तुमी वकीलसाहेबास्नी विचारा. त्यांनी हो म्हनलं की लगेच देतो."

ती वकिलांच्या घरी गेली. अंगण माणसांनी भरलं होतं. कुणाला औषध हवं होतं, कुणाला कफनाला कापड. तिची पाळी यायला दुपार झाली. तिनं सगळं सांगितलं. गणपतराव ऐकत होते. त्यांचा स्वतःचा भाऊ त्याच आठवड्यात गेला होता, डोळे लाल झाले होते. त्यांचा हात कोटाच्या खिशाकडं गेला. आणि मग त्यांनी अंगणाकडं पाहिलं. सगळी माणसं त्यांच्या हाताकडं बघत होती.

हात तसाच खाली आला.

"उद्या सकाळी मंडळीची बैठक आहे," ते म्हणाले. "मी तुमचा विषय काढतो. अडीनडीला रोकड द्यावी असं मी स्वतः म्हणणार आहे. एक दिवस थांबा."

"साहेब, एक दिस लई व्हतो."

"मला कळतं ते. पण आज मी तुम्हाला दिली, तर या सगळ्यांना काय सांगू?"

 अमीरबीला आठवलं, याच ओसरीवर उभं राहून आपण म्हटलं होतं, चिठ्ठीच द्या.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, पण बैठक झाली नाही. दोन सभासद तापानं पडले होते आणि तिसरा बायकोला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेला होता. बोळात परत येताना अमीरबीला चक्कर आली. चिमणाबाईनं तिला धरून घरात आणलं, आणि तिच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली.

"दोघींच्या चिठ्ठ्यांचा जोंधळा म्या उचलते नि बाजारात बसते. सांजपतोर इकून टाकते."

"नगं चिमणे. कळलं तर नाव काढत्याल."

"काढू देत."

"मग म्याच बसते बाजारात."

"तुमास्नी हुबं ऱ्हायला येत न्हाय. आन् सवय बी न्हाय. म्या भाजी इकलीया आदी. गप पडा जरा."

चिमणाबाई रविवार पेठेत एका कोपऱ्याला पोतं पसरून बसली. लोकांकडं पैसा कुठं होता? भाव उतरवत उतरवत तिनं तो जोंधळा कसातरी खपवला. सगळा खपायच्या आत कृष्णात शेटचा गुमास्ता तिथनं गेला. पुढं जाऊन तो परत आला आणि ओंजळभर जोंधळा उचलून बघितला.

"ह्यो आमच्या दुकानचा. दोन घरचा दिसतोय. दुसरा कुनाचा?"

"कुनाचा न्हाय," चिमणाबाई म्हणाली. "सगळा माझाच हाय. दोन आठवड्यांचा साठवलेला."

पैसे आणून तिनं अमीरबीच्या पदरात बांधले. गुमास्त्याचं तिनं काही सांगितलं नाही.

अमीरबी पहाटेच्या गाडीनं निघाली. शिरोळ रोडला उतरली आणि चालत सुटली. दर थोड्या अंतरावर तिला बसावं लागत होतं. वाटेत एका मळ्यातल्या माणसानं तिला पाणी दिलं, पण जवळ न येता, तांब्या बांधावर ठेवून. नरसोबाच्या वाडीपाशी नदीला पाणी कमी होतं, तरी नावेशिवाय पलीकडं जाता येत नव्हतं. नावाडी एकटाच होता आणि उतारू गोळा होईपर्यंत तो नाव सोडेना. ती त्याच्या हाता-पाया पडली. पदराची गाठ सोडून त्याला जास्तीचं दिलं, तेव्हा त्यानं वल्हं हातात घेतलं.

कुरुंदवाडला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. खतिजाच्या घराचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. जमीन नुकतीच सारवलेली होती. ओल्या जमिनीकडं बघत ती उंबऱ्यातच उभी राहिली. शेजारच्या घरातनं धोंडुबाई बाहेर आली. तिच्या कडेवर नजीरा होती. धोंडुबाईचं तोंड बघूनच अमीरबीला कळलं.

"सकाळी गेली," धोंडुबाई म्हणाली. "दुपारला घिऊन गेली मानसं. ठेवायचं म्हनलं मी, आई यायली म्हनलं. पर कोन थांबतंय अशात?"

अमीरबीनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

"दोन दिस दाराकडंच बघत हुती. कूस वळवून ठेवा म्हनली, दार दिसंल असं. रस्त्यानं कुनाचं बी पाऊल वाजलं की म्हनायची, अम्मा आली. काल सांजपतोर म्हनत हुती. मग बोलायचीच थांबली."

कब्रस्तानाच्या आत बायकांनी जायचा रिवाज नव्हता. धोंडुबाईच्या नवऱ्यानं कुंपणाबाहेरनं बोट करून कोणती ती दाखवलं. तिथं त्या आठवड्यातल्या पुष्कळ कबरी होत्या, सगळ्यांची माती सारखीच ताजी. लालासाबच्या शेजारची ती खतिजाची, असं तो म्हणाला. अमीरबीनं हात वर करून दुवा मागायचा प्रयत्न केला, पण हात वर राहीनात. नजीरानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. आजीची आणि तिची ओळखच नव्हती.

दोन दिवसांनी नजीराला घेऊन ती कोल्हापूरला आली. इलाहीला काही सांगावं लागलं नाही. एकटीच नात कडेवर बघून तो भिंतीकडं तोंड करून बसला आणि रात्रीपर्यंत तसाच बसून राहिला.

चिमणाबाईचं नाव काढलं गेलं होतं. सोमवारी ती ओसरीवर गेली तेव्हा सगळ्यांसमोर तिला तसं सांगितलं. कुणीतरी हसून म्हणालं, "हिनंच चिठ्ठ्या मागिटल्या, आन् हीच जोंधळा इकती." चिमणाबाई मान खाली घालून परत आली होती. खरं काय ते तिनं तिथंही सांगितलं नव्हतं, त्यामुळं अमीरबीचं नाव तसंच राहिलं.

अमीरबीला हे शेजारणीकडनं कळलं. नजीराला कडेवर घेऊन ती तडक वकिलांच्या घरी गेली. मंडळीची बैठक चालू होती. कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती आत जाऊन उभी राहिली.

"इकलेल्यात निम्मा जोंधळा माझा हुता," ती म्हणाली. "तिनं माझ्यासाटी इकला. नाव काढायचं तर माझं काढा. तिचं लावा."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तिनंच पुढं म्हटलं, "आन् लेक गेली माझी. एक दिस आदी गेले असते तर गावली असती. जगली असती असं म्या म्हनत न्हाय. गावली असती."

कृष्णात शेट बैठकीला होता. तो वाईट माणूस नव्हता. "बाई, तुमचं दुःख खरं हाय," तो म्हणाला. "पर उद्या रोकड द्यायला लागलो की परवा गुंडूसारखी मानसं गुत्त्यात दिसत्याल. मग चिमणाबाईच्या पोरी काय खात्याल?"

"तिला चिठ्ठीच पायजे," अमीरबी म्हणाली. "मला रोकड पायजे हुती. दारात येऊन दोघींनी दोन सांगिटलं असतं तर तुमी दोघींचं ऐकलं असतं का? मला बी तवा सुचलं न्हाय. शेजारनीला जे पायजे तेच सगळ्यास्नी पायजे असं वाटलं मला."

 ती बाहेर पडल्यावर बराच वाद झाला म्हणतात. अडीनडीला रोकड देण्यासाठी चौकशी करून अर्ज घ्यावेत, असं ठरलं. चौकशी कुणी करायची हे ठरायच्या आत ताप ओसरला होता. चिमणाबाईचं नाव महिना संपल्यावर बघू, असं म्हणून ठेवून दिलं.

बैठकीच्याच आठवड्यात एका सकाळी गणपतराव बोळात आले. एवढा मोठा माणूस पायी आलेला बघून आजूबाजूच्या बायका दारात आल्या. त्यांनी अमीरबीच्या उंबऱ्याशी उभं राहून खिशातनं पुरचुंडी काढली.

"हे मंडळीचं नाही. माझं आहे."

अमीरबी पुरचुंडीकडं बघत राहिली. "त्या दिवशी दिलं असतंसा तर," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिनं गिळलं.

"हो," गणपतराव म्हणाले. "मला ठाऊक आहे."  पुरचुंडी उंबऱ्यावर ठेवून ते निघून गेले. जाताना त्यांची पाठ वाकलेली दिसत होती.

नाकारण्याची ऐपत त्या घरात नव्हती. अमीरबीनं पैसे उचलले आणि बोळ ओलांडून चिमणाबाईच्या घरी गेली.

"हे तुझं. चिठ्ठी सुरू हुईपतोर."

चिमणाबाई दोन पावलं मागं सरकली. "माझ्या हातात नगा देऊ भाबी. घरात पैसा हाय असं पोरींच्या बापाला कळलं की संपलं. बरं चाललंय आता."

"मग म्या ठेवते. तुला लागंल तसा जोंधळा आनून देते."

तसंच झालं. दर बाजाराला अमीरबी जोंधळा आणून चिमणाबाईच्या चुलीशी ठेवायची. गुंडू विचारायचा, कुठनं आला? चिमणाबाई सांगायची, भाबीनं दिला. तो मान डोलवायचा. अमीरबीकडं वर बघून बोलायची त्याला लाज वाटायची. इलाही मात्र पुन्हा मागावर बसला नाही. उन्हाळ्यात त्याचा खोकला वाढला आणि पुढचा पावसाळा त्यानं बघितला नाही. माग एका कबनूरच्या विणकरानं उचलून नेला.

त्या दोघींच्या बोलण्यात चिठ्ठ्यांचा विषय कधी निघत नव्हता. एकदाच निघाला. इलाहीचा चाळिसावा दिवस होऊन गेला होता. दोघी दारात बसल्या होत्या आणि अमीरबी नजीराच्या केसांना तेल लावत होती. चिमणाबाई बराच वेळ जमिनीवर बोटानं रेघा ओढत होती.

"भाबी, एक इचारू?"

"इचार."

"म्या चिठ्ठ्या मागिटल्या न्हवं? त्यामुळं झालं का गं हे?"

अमीरबीचा हात नजीराच्या डोक्यावर थांबला. चिमणाबाईच्या दोन्ही पोरी बोळात सागरगोट्या खेळत होत्या. थोरली आता चांगली अंगात भरली होती. अमीरबी त्यांच्याकडं बघत राहिली.

"मागिटल्या तू," ती शेवटी म्हणाली. "तुला तिथं न्हेलं म्या. न्हाय म्हनवत न्हाय मला, चिमणे."

चिमणाबाईनं मान हलवली. ती उठून जाईल असं अमीरबीला वाटलं, पण ती गेली नाही. पदरानं तोंड पुसून तिनं फणी मागून घेतली, नजीराला आपल्या पुढ्यात ओढलं आणि तिची वेणी घालायला बसली.